जॉर्ज ईस्टमन : कॅमेरा घराघरात नेणारा माणूस | मराठी निबंध व जीवनचरित्र

मोबाईल शाप की वरदान हा निबंध तुम्ही निदान एकदा तरी वहीत लिहिलाच असेल. त्यात एक वाक्य हमखास येतं. हल्ली जो तो उठतो आणि फोटो काढत सुटतो, पूर्वी असं नव्हतं. आता गंमत बघा. हीच तक्रार १८९० च्या सुमारास अमेरिकेत लोक करत होते. तेव्हा मोबाईल कुठला? होता एक काळा चौकोनी डबा, दोन्ही हातांत सहज मावणारा. तो डबा ज्यांनी बाजारात आणला त्या जॉर्ज ईस्टमन यांची ओळख आज आपण करून घेऊ. वाचताना एक प्रश्न मनात असू द्या: एखादी अवघड गोष्ट सोपी झाली की तिची किंमत कमी होते का?

बालपण आणि नोकरी

जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. पुढे हे कुटुंब रॉचेस्टर शहरात राहायला आलं. वडील तिथे हिशेबनीस तयार करणारी शाळा चालवत. १८६२ साली ते वारले, तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. आई मारिया यांनी घरात भाडेकरू ठेवले, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करून संसार ओढला. दोन बहिणींपैकी केटीला पोलिओ झालेला होता. ती १८७० मध्ये गेली.

साहजिकच शाळा लवकर सुटली. चौदाव्या वर्षाच्या आसपास जॉर्ज एका विमा कचेरीत पोऱ्या म्हणून लागला, पगार आठवड्याला ३ डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८७४ मध्ये त्याला रॉचेस्टरच्या एका बचत बँकेत कारकुनाची नोकरी मिळाली. इथपर्यंतची गोष्ट अगदी आपल्याकडच्या एखाद्या कर्त्या मुलासारखी आहे. नोकरी मिळाली, आईचे कष्ट कमी झाले, आता हा बँकेतूनच निवृत्त होणार असं कुणालाही वाटलं असतं.

ओल्या काचेचा खटाटोप

१८७७ साली ईस्टमन यांनी कॅरिबियन बेटांवरच्या सांतो डोमिंगोला जायचा बेत केला. तिथले फोटो काढून आण, असं एका सहकाऱ्याने सुचवलं, म्हणून त्यांनी फोटोचं सगळं सामान विकत घेतलं. जवळजवळ ९४ डॉलर गेले. शिकवणी लावली, तिचे वेगळे ५ डॉलर. आणि सांतो डोमिंगोला मात्र ते गेलेच नाहीत!

त्या काळी फोटो काढायचा म्हणजे काय करावं लागे, ते नीट समजून घ्या. फिल्म नव्हती. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, मग ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, आणि सुकायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. सुकली की गेली. म्हणजे डोंगरावर फोटो काढायचा असेल तर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा, पाणी, भलामोठा कॅमेरा आणि त्याची तिकटी, सगळं पाठीवर. फोटोग्राफर कमी आणि हमाल जास्त, अशी गत.

ईस्टमन यांना हा व्याप खटकला. इंग्लंडमध्ये काही जण जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा बनवतात, असं त्यांनी तिथल्या एका मासिकात वाचलं. कोरडी काच आधी तयार करून ठेवता येते, नंतर सवडीने धुता येते. झालं! दिवसभर बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनं शिजवणं सुरू झालं. कधीकधी तर ते तिथेच चुलीजवळ जमिनीवर झोपून जात. काचांवर एकसारखा लेप देणारं यंत्र त्यांनी बनवलं, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत घेतलं. १ जानेवारी १८८१ रोजी कंपनी सुरू झाली. पैसा घातला हेन्री स्ट्राँग यांनी. ते एकेकाळी मारियाबाईंकडे भाडेकरू होते आणि त्यांचा धंदा होता घोडागाडीचे चाबूक बनवण्याचा! बँकेतली नोकरी ईस्टमन यांनी त्यानंतर काही महिन्यांनी सोडली.

लगेच, १८८२ मध्ये, संकट आलं. दुकानदारांकडे गेलेल्या काचा खराब निघू लागल्या. ईस्टमन यांनी त्या परत घेतल्या आणि चांगल्या काचा बदलून दिल्या. नवी कंपनी यात पार मोडकळीला आली. दोष शोधता शोधता तो जिलेटिनमध्ये सापडला. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. त्याच्या गुणात इतका फरक का पडतो, हे पुढे १९२० च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेतले सॅम्युएल शेपर्ड यांनी शोधलं. जनावरांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्या की जिलेटिनमध्ये गंधकाचे अंश येतात आणि त्यामुळे लेप प्रकाशाला जास्त संवेदनशील होतो. फोडणीतल्या मोहरीचा फोटोशी असा संबंध असेल, असं कुणाला वाटलं असतं?

डबा आणि त्याचं नाव

कोरडी काच झाली तरी ती काचच, जड आणि फुटणारी. म्हणून गुंडाळी होणारी फिल्म आली आणि १८८८ मध्ये ती आत भरलेला कॅमेरा. नाव कोडॅक. या शब्दाला काहीच अर्थ नाही. नाव छोटं असावं, कुठल्याही भाषेत चुकीचं उच्चारता येऊ नये, दुसऱ्या कशासारखं वाटू नये, एवढंच ईस्टमन यांना हवं होतं. क हे अक्षर त्यांना आवडायचं. आईचं माहेरचं आडनाव किलबोर्न, तेही क वरूनच.

वापरायला तीन कामं. दोरी ओढा, बटण दाबा, किल्ली फिरवा. डोळा लावायला खिडकीसुद्धा नव्हती, अंदाजाने डबा समोर धरायचा. गोल आकाराचे १०० फोटो निघत. ते संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. कारखाना फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. बटण दाबण्यापलीकडचं सगळं आमच्यावर सोपवा, हाच त्यांच्या जाहिरातीचा सूर होता.

किंमत २५ डॉलर. आता तो मघाचा आकडा आठवा. आठवड्याला ३ डॉलर मिळवणाऱ्या पोऱ्याचा हा आठ आठवड्यांहून जास्त पगार! शिवाय १०० फोटो धुऊन परत भरायचे १० डॉलर, म्हणजे फोटोमागे १० सेंट. कॅमेरा एकदाच विकला जातो, फिल्म मात्र पुन्हा पुन्हा. घरातला प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाई महाग पडते, ही आपली आजची कुरकुर बरीच जुनी आहे म्हणायची.

यापुढची पायरी मात्र मला सगळ्यात मोठी वाटते. फेब्रुवारी १९०० मध्ये ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा आला. किंमत १ डॉलर, सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. तो मुलांसाठी होता. पहिल्याच वर्षी एक लाखाहून जास्त खपले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावरच्या लोकांना वाचवणाऱ्या कार्पेथिया जहाजावर एक तरुण मुलगी होती. तिच्याजवळ ब्राउनी होता. वाचलेल्या माणसांचे तिने काढलेले फोटो आजही जपून ठेवलेले आहेत. त्या डेकवर तंबू, बाटल्या आणि काचा घेऊन कोण उभं राहिलं असतं?

लोक काय म्हणाले?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मुळीच नाही. धंदेवाईक फोटोग्राफरांनी नाक मुरडलं. अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्यासारखे कलावंत छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे हे लोकांना पटवून देत होते. या हौशी गर्दीत आपल्याला कुणी मोजू नये, असं त्यांना वाटे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. डबा लहान, त्यामुळे समोरच्याला न कळता फोटो काढता येई. काही सहलीच्या ठिकाणी कॅमेऱ्यावर बंदी आली. १८९० मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी एक लेख लिहिला. माणसाला आपलं खाजगी आयुष्य खाजगी ठेवण्याचा हक्क आहे, असं त्यांनी मांडलं. झटपट निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रं यांचाच त्यात उल्लेख होता. पुढे खुद्द रॉचेस्टरमधल्या एका मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. १९०२ मध्ये ती खटला हरली. पण लोक इतके चिडले की न्यूयॉर्क राज्याने १९०३ मध्ये कायदाच केला: लेखी परवानगीशिवाय कुणाचं नाव किंवा फोटो जाहिरातीला वापरायचा नाही.

म्हणजे बघा, पहिली कुरकुर काळाबरोबर विरली, दुसरीतून कायदा झाला. तुमच्या निबंधात या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात येतात, तशा आणू नका. शेजारीण रोज जेवणाचे फोटो टाकते याचा त्रास करून घेणं निराळं. न विचारता कुणाचा फोटो ग्रुपवर टाकणं निराळं.

पैसा आला, गेला

ईस्टमन संत होते, असं दाखवायचा माझा इरादा नाही. धंद्यात ते कडक होते. पारदर्शक फिल्मचं पेटंट हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्रीने १८८७ मध्येच मागितलं होतं. ते १८९८ मध्ये मिळालं आणि दोनच वर्षांनी गुडविन वारले. अखेर १९१४ मध्ये ईस्टमन यांच्या कंपनीला ५० लाख डॉलर भरून तो वाद मिटवावा लागला. त्यानंतरच्या वर्षी न्यायालयाने कंपनीवर मक्तेदारीचा ठपकाही ठेवला.

पण याच माणसाने कामगारांना नफ्यातला वाटा द्यायला १९१२ पासून सुरुवात केली. एमआयटी या संस्थेला त्यांनी मिस्टर स्मिथ या टोपणनावाने सुमारे २ कोटी डॉलर दिले. हे स्मिथ कोण, ते १९२० मध्ये उघड झालं! रॉचेस्टर विद्यापीठ, संगीत शाळा, कृष्णवर्णीयांसाठीची टस्कगी आणि हॅम्प्टन ही शिक्षणसंस्था, रॉचेस्टरपासून रोम आणि स्टॉकहोमपर्यंत मुलांचे दातांचे दवाखाने. एकूण दान १० कोटी डॉलरच्या वर गेलं. आणि एक विक्षिप्तपणा सांगतो. २८ दिवसांचे १३ महिने असलेली दिनदर्शिका त्यांना फार सोयीची वाटे. त्यांच्या कंपनीने ती १९२८ पासून १९८९ पर्यंत हिशेबासाठी वापरली.

त्यांनी लग्न केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली. ३७ खोल्यांच्या घरात सकाळच्या न्याहारीला ऑर्गन वाजवायला माणूस येई. शेवटच्या काळात मणक्याच्या आजाराने त्यांचं उभं राहणं, चालणं कठीण झालं. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मुलांनो, दुखणं शरीराचं असो की मनाचं, ते घरात किंवा शिक्षकांना सांगायचं. एकट्याने सोसायचं नाही.

त्यानंतर

आपल्याकडेही फिल्मचा काळ बराच चालला. आजोबांना क्लिक थ्री कॅमेऱ्याबद्दल विचारा. रोल धुवायला टाकणे म्हणजे काय, तेही विचारा. ३६ फोटोंत अख्खं लग्न बसवायचं असे. त्यामुळे फोटो काढायच्या आधी सगळे सरळ उभे राहत, आणि तरी कुणीतरी डोळे मिटायचंच!

१९७५ मध्ये ईस्टमन यांच्याच कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. कंपनीचा सगळा नफा फिल्ममध्ये होता. तिने या कॅमेऱ्यासाठी घाई केली नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता एक काम. घरातला सगळ्यात जुना फोटो शोधा. त्यात कोण आहे, कुठे आणि साधारण केव्हा काढला, हे आजी-आजोबांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, पुढे उमटतं. ज्यांच्या घरी एकही जुना फोटो नाही, त्यांनी त्या काळी फोटो का निघाला नाही, हे विचारून दहा ओळी लिहून आणायच्या.