मेरी स्टुअर्ट : तीन विवाह, एक शोकांतिका

जन्मानंतर अवघ्या सहाव्या दिवशी राणीपद वाट्याला आलेल्या मेरी स्टुअर्टच्या आयुष्यात विवाह ही कधीच खासगी बाब नव्हती. ८ डिसेंबर १५४२ रोजी स्कॉटलंडमधील लिन्लिथगोच्या राजवाड्यात तिचा जन्म झाला आणि त्याच आठवड्यात तिचे वडील, राजे पाचवे जेम्स, निवर्तले. पाळण्यातील या राणीशी आपल्या मुलाचा विवाह लावून स्कॉटलंड पदरात पाडून घेण्याचा घाट इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने घातला. स्कॉटिश संसदेने तो करार धुडकावताच त्याच्या सैन्याने १५४४ मध्ये एडिनबरो शहर जाळले. अखेर पाच वर्षांच्या मेरीला सुरक्षिततेसाठी फ्रान्सला पाठवण्यात आले.

२४ एप्रिल १५५८ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये युवराज फ्रान्सिसशी तिचा विवाह झाला. वधू पंधरा वर्षांची, वर चौदा वर्षांचा. पुढच्याच वर्षी ती फ्रान्सची राणी झाली. याच काळात तिच्या राजचिन्हात इंग्लंडचेही चिन्ह झळकले. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा एलिझाबेथ होती. ती मेरीच्या वडिलांची मामेबहीण, म्हणजे नात्याने आत्या. अनेक कॅथलिकांच्या मते मात्र त्या गादीची खरी वारस मेरी होती. एलिझाबेथ हे कधीही विसरली नाही. डिसेंबर १५६० मध्ये कानाच्या विकाराने फ्रान्सिसचे निधन झाले. अठरा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असताना मेरी विधवा झाली.

१५६१ च्या ऑगस्टमध्ये ती मायदेशी परतली, तेव्हा स्कॉटलंडने पोपची सत्ता झुगारून दिली होती. जॉन नॉक्ससारखे धर्मोपदेशक कॅथलिक राणीवर जाहीर टीका करीत होते. तरीही प्रजेच्या नव्या धर्मात हस्तक्षेप न करता तिने पहिली चार वर्षे शहाणपणाने राज्य केले. गादीला वारस मात्र हवा होता. २९ जुलै १५६५ रोजी तिने आपला आतेभाऊ हेन्री, लॉर्ड डार्नली याच्याशी विवाह केला. त्याच्याही अंगात इंग्लंडच्या राजघराण्याचे रक्त असल्याने तिचा दावा बळकट होणार होता. परंतु देखणा डार्नली व्यसनी, उद्धट आणि सत्तालोलुप निघाला. मार्च १५६६ मध्ये त्याने काही सरदारांशी संगनमत करून राणीचा इटालियन चिटणीस डेव्हिड रिझिओ याला तिच्या भोजनकक्षातून फरफटत नेले आणि पन्नासहून अधिक वार करून त्याची हत्या झाली. राणी तेव्हा सहा महिन्यांची गर्भवती होती. जूनमध्ये पुत्र जन्मला, पण संसार तुटला तो तुटलाच.

१० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे डार्नली राहत असलेले एडिनबरोतील घर स्फोटाने उडवण्यात आले. त्याचा मृतदेह बाहेरच्या बागेत सापडला, पण त्यावर स्फोटाची एकही खूण नव्हती. संशयाची सुई अर्ल ऑफ बॉथवेलकडे वळली. एका दिवसाच्या खटल्यात तो निर्दोष सुटला आणि त्याच महिन्यात त्याने राणीला डनबारच्या किल्ल्यात पळवून नेले. ती स्वखुशीने गेली की तिच्यावर बळजबरी झाली, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. १५ मे रोजी, पतीच्या हत्येला जेमतेम तीन महिने होत असताना, तिने त्याच बॉथवेलशी प्रोटेस्टंट पद्धतीने विवाह केला. या एका निर्णयाने स्वदेशातील सरदार आणि युरोपातील कॅथलिक मित्र, दोघेही तिला दुरावले.

महिन्याभरातच ती सरदारांच्या कैदेत पडली. बॉथवेल परागंदा झाला आणि पुढे १५७८ मध्ये डेन्मार्कच्या तुरुंगात मरण पावला. लॉक लेव्हनच्या सरोवरातील किल्ल्यात तिच्याकडून राजत्यागाच्या कागदावर सही घेण्यात आली आणि तेरा महिन्यांचा जेम्स राजा झाला. दहा महिन्यांचा असताना पाहिलेल्या या मुलाची आणि तिची पुन्हा कधीही भेट झाली नाही. मे १५६८ मध्ये ती किल्ल्यातून निसटली, परंतु लँगसाइडच्या लढाईत पराभूत होऊन एलिझाबेथच्या आश्रयाला इंग्लंडला गेली. आश्रयाऐवजी तिला अठरा वर्षांहून अधिक काळाची नजरकैद मिळाली. या काळात तिने सांकेतिक लिपीत लिहिलेल्या पत्रांपैकी ५७ पत्रांचा उलगडा २०२३ मध्ये जाहीर झाला.

अशाच गुप्त पत्रांनी तिचा घात केला. १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टनच्या कटातील तिची पत्रे बिअरच्या पिंपांतून ये-जा करीत होती. ती एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचे हेर वाचत होते. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे वयाच्या ४४ व्या वर्षी तिचा शिरच्छेद झाला.

विवाहाने सत्ता वाटली जाते हे ओळखून एलिझाबेथ आजन्म अविवाहित राहिली आणि तिने राज्य राखले. पण तिच्यामागे वारस उरला नाही. १६०३ मध्ये इंग्लंडचा मुकुट चढला तो मेरीच्या सर्वांत दुर्दैवी विवाहातून जन्मलेल्या जेम्सच्या मस्तकावर. १६१२ मध्ये त्याने आईचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबीत आणवले. हयातीत एकदाही न भेटलेल्या त्या दोन राण्या आज तेथे एकाच प्रार्थनामंदिराच्या दोन बाजूंना चिरनिद्रा घेत आहेत, आणि ब्रिटनच्या गादीवर मेरीचेच वंशज आहेत.