युवकांचे फादर : संत आल्बेर्तो उर्तादो



१८ ऑगस्ट हा संत आल्बेर्तो उर्तादो यांचा स्मरणदिन. संत अंतोनी किंवा संत फ्रान्सिस झेवियर यांच्याइतके हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलेले नाही. पण युवकांमधून पुढारी कसे घडतात, हा प्रश्न ज्यांना पडतो (आणि तो कोणत्या धर्मग्रामाला पडत नाही?), त्यांनी या येशूसंघीय धर्मगुरूचे चरित्र एकदा तरी वाचावे असे आम्हांला वाटते.

लॅटिन अमेरिकेतील चिली देशात, विन्या देल मार या समुद्रकाठच्या शहरात २२ जानेवारी १९०१ रोजी आल्बेर्तोचा जन्म झाला. तो चार वर्षांचा असताना वडील वारले. कर्ज फेडण्यासाठी आईला शेतीवाडी विकावी लागली आणि आल्बेर्तो व धाकटा भाऊ मिगेल यांना घेऊन ती नातेवाइकांच्या आश्रयाला आली. कधी या मामाकडे, तर कधी त्या काकाकडे. घराणे प्रतिष्ठित, पण स्वतःचे घर नाही! दुसऱ्याच्या दारात राहण्याचे दुःख काय असते हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

राजधानी सांतियागो येथील येशूसंघीयांच्या सेंट इग्नेशियस शाळेत तो शिष्यवृत्तीवर शिकला. शाळेत असतानाच दर रविवारी तो शहरातील एका गरीब वस्तीतल्या धर्मग्रामात सेवेला जाऊ लागला. याच शाळेत त्याला मानुएल लार्राइन हा जिवलग मित्र मिळाला. पुढे हे मानुएल ताल्का धर्मप्रांताचे बिशप झाले.

येशूसंघात जाण्याची आल्बेर्तोची इच्छा फार लवकरची. पण आई आणि भाऊ यांची जबाबदारी त्याच्यावर होती. ती टाकून तो गेला नाही. सकाळी कॅथलिक विद्यापीठात कायद्याचे शिक्षण आणि दुपारनंतर नोकरी, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालवला. कायद्याचे प्रबंधदेखील त्याने बालमजूर आणि घरी बसून शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यावर लिहिले. अखेर घरची आर्थिक अडचण सुटली आणि ऑगस्ट १९२३मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो चिल्यान येथील नवशिक्यांच्या मठात दाखल झाला.

पुढील शिक्षण आर्जेन्टिना, स्पेन आणि बेल्जियममध्ये झाले. २४ ऑगस्ट १९३३ रोजी बेल्जियममधील लुव्हेन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेथेच शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९३६च्या सुरुवातीला फादर उर्तादो मायदेशी परतले. प्रबंधाचा विषय होता अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांचे विचार. मूल नुसते ऐकून नव्हे, तर करून शिकते, हा त्या विचारांचा गाभा. फादरांनी तो शाळेच्या वर्गापुरता ठेवला नाही. युवकांचा पुढारी व्याख्यानाने तयार होत नाही. त्याच्या हाती काम द्यावे लागते आणि चुकण्याची मोकळीकही द्यावी लागते, हे ते ओळखून होते.

१९४१ साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. चिली खरोखरच कॅथलिक देश आहे काय, हा प्रश्नच त्याचे शीर्षक होते. धर्मगुरूंची टंचाई, मिस्साला येणाऱ्यांची रोडावलेली संख्या, कामगारांची दैना हे सर्व त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. पुस्तकाने बरीच खळबळ उडाली. मोठमोठी चर्च असलेल्या देशाला असा प्रश्न विचारलेला कोणाला आवडेल?

त्याच सुमारास कॅथलिक अॅक्शन या प्रापंचिकांच्या चळवळीच्या युवक शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. आधी सांतियागो धर्मप्रांताची आणि १९४१पासून संपूर्ण देशाची. फादर गावोगाव फिरले. युवकांच्या रिट्रीट घेतल्या, तासन्‌तास पापनिवेदने ऐकली, एकेकाशी बसून बोलले. हजारो तरुण हाती मशाली घेऊन सांतियागोच्या रस्त्यांवरून निघत असत. पण मिरवणुकीने भारावून जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. अधिक तयारीच्या युवकांचा त्यांनी ‘ख्रिस्त राजाची सेवा’ नावाचा वेगळा गट उभारला. रोजची प्रार्थना, स्वतःच्या वागण्याचा हिशेब आणि गरिबांमध्ये प्रत्यक्ष काम या गोष्टी तेथे अपेक्षित होत्या. आज आपण युवा मेळावे भरवतो. मेळाव्यानंतरच्या सोमवारी काय, याचे उत्तर फादरांकडे तयार होते.

मग अडचण आली, आणि ती बाहेरून आली नाही. त्या काळी चांगल्या कॅथलिकाने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षालाच मत द्यावे, असे अनेक वजनदार मंडळी मानत. फादर उर्तादोंनी युवक चळवळ कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधली नाही. कामगारांना न्याय्य वेतन मिळावे, असेही ते उघड सांगत. त्यांचे सामाजिक विचार फारच पुढचे आहेत, युवक वरिष्ठांचे ऐकत नाहीत, अशा तक्रारी सुरू झाल्या. कॅथलिक अॅक्शनचे मुख्य सल्लागार असलेल्या साहाय्यक बिशपांशी मतभेद वाढत गेले. हेच बिशप पूर्वी त्यांचे मित्र होते, त्यामुळे घाव अधिक खोल असणार. नोव्हेंबर १९४४मध्ये फादरांनी राजीनामा दिला. जाहीर वाद घातला नाही, वेगळी चूल मांडली नाही, ख्रिस्तसभेवर रागही धरला नाही. आम्हांला विचाराल तर युवकांना त्यांनी दिलेला सर्वांत अवघड धडा हाच असावा.

या राजीनाम्याच्या जेमतेम महिनाभर आधी दुसरेच एक काम सुरू झाले होते. ऑक्टोबर १९४४मध्ये स्त्रियांची रिट्रीट घेत असताना फादरांना आदल्या रात्रीचा प्रसंग आठवला. थंडीत कुडकुडणारा, आजारी, निवारा नसलेला एक माणूस त्यांना भेटला होता. ठरलेले प्रवचन बाजूला ठेवून ते त्या माणसाविषयी बोलू लागले. त्याच्या रूपात प्रभू येशूच आपल्या शहरात बेघर फिरत आहे, असा त्या बोलण्याचा आशय होता. प्रवचन संपताच कोणी पैसे दिले, कोणी अंगावरचे दागिने काढून दिले, एकीने जमीन देऊ केली. त्यातून ‘ओगार दे क्रिस्तो’, म्हणजे ख्रिस्ताचे घर, उभे राहिले. पुढे फादर रात्री आपली हिरवी पिकअप गाडी घेऊन मापोचो नदीच्या पुलांखाली झोपलेली मुले शोधत फिरू लागले. मुलांना घरी आणायचे, खाऊ घालायचे आणि हाताला कारागिरी शिकवायची. दया करून सोडून द्यायचे नाही, तर उद्याचा कर्ता माणूस घडवायचा.

१९४७ साली त्यांनी कामगारांसाठी ‘आसिच’ ही संस्था स्थापन केली. ख्रिस्ती विचारांचे कामगार पुढारी तयार करणे हा तिचा हेतू. त्याच वर्षी रोमला जाऊन त्यांनी पोप पायस बारावे यांची भेट घेतली व प्रोत्साहन मिळवले. ऑक्टोबर १९५१मध्ये ‘मेन्साहे’ हे मासिक सुरू केले. एवढी कामे एक माणूस कसा करत असेल, हे आम्हांला कोडेच वाटते.

१९५२ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांना गाठले. आपण वाचणार नाही हे कळल्यावरही ते प्रसन्न राहिले. १८ ऑगस्ट १९५२ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचे प्रवचन शाळेतल्या त्या मित्राने, बिशप मानुएल लार्राइन यांनी केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली फादरांना धन्य घोषित केले आणि २३ ऑक्टोबर २००५ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. पोप बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीतील तो पहिलाच संतपद विधी होता.

फादरांची ती हिरवी गाडी सांतियागोमध्ये जपून ठेवली आहे. त्यांच्या कबरीला भेट देणारे भाविक तीही पाहून येतात.