दोन मुलं विमान अपघातात गेली, तरी या माणसाने जगाला पहिलं जेट प्रवासी विमान दिलं

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले. ते विमान होतं ‘पस मॉथ’ आणि ते बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक होता जेफ्री डी हॅविलँड.

१८८२ साली इंग्लंडमध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्मलेल्या जेफ्रीने आजोबांकडून हजार पौंड घेऊन विमान बनवायला घेतलं. पंखांचं कापड बायको लुईझने शिवलं. पहिलं विमान उडताच कोसळलं. त्याचंच इंजिन वापरून दुसरं बनवलं आणि १९१० मध्ये ते उडालं.

जेफ्रीला कीटकांचं वेड होतं, म्हणून विमानांना त्याने ‘मॉथ’, म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाचं नाव दिलं. १९३० च्या दशकात कंपनी लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्डला गेली. दुसऱ्या महायुद्धातलं लाकडी ‘मॉस्किटो’ इथलंच. १९४३ मध्ये ‘व्हॅम्पायर’ जेटनेही पहिली झेप इथूनच घेतली. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट हेच.

पण या यशाची किंमत घरानेच मोजली. १९४३ मध्ये मुलगा जॉन मॉस्किटोच्या टकरीत गेला. १९४६ मध्ये थोरला जेफ्री नव्या जेटची चाचणी घेताना गेला. १९४९ मध्ये लुईझही गेली.

त्याच वर्षी २७ जुलैला, जेफ्रीच्या ६७ व्या वाढदिवशी, हॅटफिल्डवरून ‘कॉमेट’ उडालं. १९५२ पासून त्यातून प्रवासी जाऊ लागले. जगातली ही पहिली जेट प्रवासी सेवा.

मात्र १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर दोन कॉमेट हवेतच फुटली. मग तपासासाठी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनला पुन्हा पुन्हा दाब दिला गेला. शेवटी पत्रा फाटला. प्रत्येक उड्डाणात दाब वाढून-उतरून धातू थकतो, हे तेव्हा उघड झालं. या धड्याचा फायदा पुढच्या सगळ्याच जेट विमानांना झाला. कॉमेट दुरुस्त होऊन परतेपर्यंत मात्र बोईंग पुढे निघून गेली होती.

१९६० मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. १९६५ मध्ये जेफ्री वारला. १९९० च्या दशकात हॅटफिल्डचा कारखानाही बंद पडला. आज तिथे ऑफिसं, घरं आणि विद्यापीठ आहे. धावपट्टी उरली नाही. पण विद्यापीठाच्या त्या कॅम्पसचं नाव आहे, डी हॅविलँड.