थकलेल्या हातांना कोण धरणार?

आजचं वाचन: निर्गम 17:8-16



आज पहाटे, गांधीबागेतल्या कापडबाजाराची शटर्स उघडायच्या आत, हा भाग वाचला. मोशेचे वर धरलेले हात थकतात. मग अहरोन आणि हूर त्याला बसायला दगड देतात आणि सूर्य मावळेपर्यंत दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात.

वाचता वाचता मी ओशाळले. आमच्या पाळकसाहेबांची बदली झाली आहे. मेथडिस्ट मंडळीत बदल्या वेस्लींच्या काळापासून चालत आल्यात, हे मला माहीत आहे. तरी मी रुसून बसले आणि नव्या पाळकांना भेटायलाही गेले नाही.

म्हणून आज लक्ष्मीबाई टिळकांची (1868-1936) गोष्ट सांगते.

अतिशय सोवळ्या घरातली ही मुलगी. अकराव्या वर्षी लग्न झालं, शाळा नव्हतीच. अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. ते आपल्या नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे काम करत, तेव्हा दोघं इथेच राहत. पुढे 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड भेटले. ते फ्री मेथडिस्ट मिशनरी होते. त्यांनी टिळकांना नवा करार दिला. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला राहिल्या. काही वर्षांनी परत आल्या, त्याही आपला स्वयंपाक वेगळा ठेवून! पण माणसं पाहत, विचार करत सोवळं गळून पडलं आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण पाळकाचं घर चालवणं सोपं नव्हतं. टिळक तापट आणि हाताचे सढळ. घरात आहे ते देऊन टाकायचे. लक्ष्मीबाई भांडायच्या, चुकलं तिथे तोंडावर सांगायच्या, आणि त्याच घरात अनाथ मुलांना सांभाळायच्या. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. पुन्हा सगळं नवं, पुन्हा अनिश्चित. त्या सोबत राहिल्या. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे' तर आपल्या सगळ्यांना माहीतच आहे.

मला त्यांच्या आयुष्यातून एवढं कळलं: पाळकाचे हात धरायला प्रत्येक बदल आधी पटलाच पाहिजे असं नाही. रडू येईल, वेळ लागेल, भांडणही होईल. पण हात सोडून चालणार नाही. आणि मोशेचे हात धरणारे दोघं होते. सगळा भार एकट्या पाळकीणबाईंवर टाकायचा का? लक्ष्मीबाईंनी तो कितीतरी वर्षं एकटीने उचलला.

मित्रांनो, तुमच्याकडेही नवे पाळक आले असतील, तर जुन्यांशी तुलना थांबवूया. सामान उतरवायला जाऊया. मुलांच्या शाळेचं काय झालं, विचारूया. आणि रविवारी उपासनेनंतर लगेच पळायचं नाही! मी आज संध्याकाळी डबा घेऊन जाणार आहे.

प्रार्थना: प्रभू, माझा रुसवा काढून घे. तुझ्या सेवकांचे हात थकतील तेव्हा मला त्यांच्या बाजूला उभं कर. आमेन.