सारा, तहकुबी आणि कायदा : लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक प्रकरण

पनवेलहून कर्नाळ्याची खिंड ओलांडून आपण दक्षिणेस निघालात की पेण लागते. आज हा सारा मुलूख रायगड जिल्ह्यात मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेण कुलाबा जिल्ह्यात होते. टिळकांचे चरित्र वाचताना आपले लक्ष मंडाले आणि गणेशोत्सवाकडे जाते. पेणकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत घटकात आपण तिकडेच पाहणार आहोत.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. १८७९ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांनी वकिली केली नाही, परंतु पुढे पुण्यात काही काळ कायद्याचे वर्ग चालवले. न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी यांचा इतिहास आपणांस परिचित आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की १८९५ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले आणि त्याच वर्षी पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पक्षाच्या हाती आली.

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने दुष्काळ संहिता तयार केली होती. संकटकाळी रयतेस काम कसे द्यावे, धान्य कसे पुरवावे आणि शेतसाऱ्याची तहकुबी किंवा माफी केव्हा करावी, याचे नियम तीत होते. ते नियम ज्यांच्यासाठी होते त्या शेतकऱ्यांस मात्र त्यांची वार्ताही नव्हती. सभेने ते मराठीत आणून गावोगाव पोहोचवले आणि समजावून देण्यासाठी प्रचारक पाठवले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. तहकुबी आणि माफी हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे, महसुली दप्तरातून मराठीत रुळलेले. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. माफी म्हणजे ती सोडून देणे. बुडवणे हा तिसरा शब्द दप्तराचा नाही, लोकांच्या तोंडचा आहे, आणि सारा वाद या तिसऱ्या शब्दाभोवती फिरत राहिला. आज आपण करनियोजन व करचुकवेगिरी असा भेद करतो. तो त्या काळी या शब्दांत दडलेला होता.

टिळकांची भूमिका बारकाईने पाहावी. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने सारा भरावा, असे ते सांगत. ज्याचे पीक बुडाले त्याने मात्र तलाठ्या-मामलेदाराच्या धाकाने भांडीकुंडी विकू नयेत, नियमाने मिळणारी सूट मागावी. पहिले वाक्य त्यांचे टीकाकार विसरत. माझ्या मते काही भक्तही विसरतात. ऐपत असता उत्पन्न दडवणे आणि कायद्यानेच दिलेली सवलत उघडपणे मागणे, या दोहोंत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही.

अडचण निराळीच होती. पीक किती बुडाले, हे ठरवायचे कोणी? सूट देणे न देणे सरकार आपल्या अखत्यारीतील बाब मानी. सभा तो रयतेचा हक्क समजे. त्यामुळे एकाच नियमाचा आधार घेणारा शेतकरी सभेच्या लेखी हक्कदार ठरे, तर अधिकाऱ्यांच्या लेखी थकबाकीदार. आणि त्याला नियम समजावून सांगणारा? तो चिथावणीखोर! पेण येथे सभेच्या एका प्रचारकावर खटला झाला तो याच दृष्टीने. नियम सरकारचे, ते छापून वाटलेले, आणि ते वाचून दाखवणारा आरोपी, अशी ती विलक्षण स्थिती होती.

१८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सरकारकडे लोकांच्या वतीने अर्ज करण्याचा तिचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी प्लेग, रँडचा वध आणि केसरीतील लेखनावरून राजद्रोहाचा खटला असे प्रसंग ओढवले. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो आरोप साऱ्यासंबंधीचा नव्हता, हे परीक्षेत लिहिताना विसरू नका.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात जुनी महसुली पावती पाहावयास मिळाली, तर तीतील तहकूब, माफ आणि बाकी या नोंदी कोठे येतात, ते वहीत टिपून ठेवा.