वंशावळ आणि वारसा

लखनौच्या चारबागेजवळ, आलमबागेत, सेनापती हेन्री हॅवलॉक यांची कबर आहे. 1795 मध्ये संडरलंडजवळ जन्मलेले हॅवलॉक जहाज बांधणाऱ्याचे पुत्र. पण हे नाव जुन्या इंग्रजी कथाकाव्यातील डॅनिश राजपुत्राचे, म्हणून घराण्याचे मूळ राजवंशाशी जोडले गेले. 1829 मध्ये ते मिशनरी जोशुआ मार्शमन या विणकरपुत्राचे जावई झाले. 1830 मध्ये सेरामपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 25 सप्टेंबर 1857 रोजी मोठ्या रक्तपातानंतर त्यांच्या सैन्याने चारबागचा पूल घेतला. 24 नोव्हेंबरला ते आमांशाने वारले. दोनच दिवसांनी, मृत्यूची वार्ता पोहोचण्याआधी, विलायतेत त्यांना बॅरोनेट केले गेले. वंशावळींत गुंतू नये, असे पौलाने तीमथ्याला बजावले होते. देवापुढे राजपुत्राचा वंशज आणि विणकराचा पुत्र एकाच कृपेचे याचक होत.