साडीतील पवित्र मरियेचे चित्रकार : आंजेलो द फोन्सेका

आमच्या कळंब व यवतमाळ परिसरातील कॅथलिक कुटुंबांत पवित्र मरियेची जी चित्रे भिंतीवर दिसतात, त्यांतील बहुतेकांत तिचा वर्ण गोरा असतो, डोळे निळसर असतात आणि अंगावर निळा झगा असतो. नाताळात दूर युरोपातील बर्फ आपल्या भेटकार्डांवर पडतो. त्या चित्रांपुढे आपल्या आजी-पणजींनी जपमाळेची प्रार्थना केली, तेव्हा त्यांची अवहेलना करावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु विसाव्या शतकात याच पश्चिम भारतातील एका कॅथलिक चित्रकाराने पवित्र मरियेला साडी नेसविली, तिला आपल्या मातीवर अनवाणी उभे केले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. त्या चित्रकाराचे नाव आंजेलो द फोन्सेका. आपल्या धर्मग्रामांतून हे नाव फारसे ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या जीवनाची व कार्याची ओळख वाचकांस करून देत आहोत.

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावरील एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. मांडवीच्या खाड्यांनी वेढलेले हे गाव संत स्तेफन या आद्य रक्तसाक्ष्याच्या नावाने ओळखले जाते. मुलाने डॉक्टर व्हावे, अशी त्या काळच्या सुखवस्तू गोवेकर घराण्यांची साधारण अपेक्षा असे. त्यानुसार आंजेलो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पण वैद्यकीय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. तो सोडून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तेथील शिक्षण पाश्चात्त्य अकादमिक वळणाचे होते. तेही त्यांनी अर्ध्यावर सोडले व थेट बंगालची वाट धरली. दोन नामांकित संस्था सोडणाऱ्या तरुणाविषयी घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

बंगालमध्ये मात्र त्यांना हवे ते गुरू लाभले. अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. अवनींद्रनाथांनी रूढ केलेली जलरंगाची 'वॉश' पद्धत येथे थोडी समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण फोन्सेका यांच्या चित्रांतील शांती बरीचशी तिच्यातून आली आहे. १९०३ च्या सुमारास योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले होते. त्यांचे काम पाहून अवनींद्रनाथांनी ही पद्धत घडविली. कागदावर रेखाटन करावयाचे, पातळ रंग भरावयाचा, तो वाळू द्यावयाचा आणि मग तो कागद पाण्याने भिजवावयाचा. सुटा रंग पाण्याबरोबर निघून जातो. कागदाने जो शोषून घेतला तेवढाच उरतो. पुन्हा वाळवणे, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे अनेकदा केल्यावर पहाटेच्या धुक्यातून दिसावे तसे चित्र उमटते. या पद्धतीत उतावीळपणा चालत नाही. चित्रकार जेवढा वेळ रंगवितो, त्याहून अधिक वेळ त्याला नुसते थांबावे लागते.

१९३१ च्या सुमारास फोन्सेका गोव्यास परतले व त्यांनी ख्रिस्ती विषयांवर भारतीय शैलीत चित्रे काढावयास प्रारंभ केला. त्यांची मरिया सावळी होती, साडी नेसलेली होती. आज आपल्याला यात काही वावगे वाटणार नाही. तत्कालीन गोव्यात मात्र पोर्तुगीज राजवट होती, आणि ख्रिस्ती असणे व युरोपीय रीतीने वागणे या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकरूप झालेल्या होत्या. साडी हा हिंदू स्त्रीचा वेष आणि तो प्रभूच्या मातेला देणे म्हणजे तिचा अवमान, असा आक्षेप घेण्यात आला. चर्चच्या वर्तुळातूनही नापसंती व्यक्त झाली. आक्षेप घेणारे सारे दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर असलेली मूर्ती बदलली की भाविक मन बिचकते. पण ज्या मातेने गालीलातील एका खेड्यात पाणी भरले, तिला पोर्तुगीज राणीचा पोशाख चालतो आणि आपल्या खेड्यातील बाईचा चालत नाही, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही. फोन्सेका यांना अखेर गोवा सोडावा लागला.

या काळात मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील स्पॅनिश येशूसंघीय इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. ख्रिस्ती कलेने भारतीय रूप धारण केले पाहिजे, याविषयी फादर हेरास आग्रही होते. राहण्यास व काम करण्यास शांत जागा मात्र मिळाली ती पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. हा आश्रम कॅथलिक नव्हता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली हा आश्रमसंघ स्थापन केला आणि पुढे तो अहमदनगरहून पुण्यास शिवाजीनगर भागात आला. विन्स्लो हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांनी भारावलेले होते; टिळकांचे चरित्रही त्यांनी इंग्रजीत लिहिले आहे. आश्रमवासी खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी भोजन करीत, उपासनेत भारतीय चालींना स्थान देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधी, कॅथलिक व प्रोटेस्टंट एकमेकांच्या चर्चची पायरीही सहसा चढत नसत अशा दिवसांत, एक श्रद्धावान कॅथलिक चित्रकार अँग्लिकन आश्रमात राहून पवित्र मरियेची चित्रे रंगवीत होता. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हे अगदीच नवे नव्हते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. प्रभू येशूची कथा त्यांनी ओवीछंदात, मराठीत सांगितली. शब्दांच्या बाबतीत जे तीन शतकांपूर्वी झाले होते, ते रंगांच्या बाबतीत व्हावयाचे राहून गेले होते.

आश्रमातील दिवस प्रार्थनेच्या वेळांनी बांधलेला असे. फोन्सेका यांच्या चित्रांचा क्रम लावून पाहिल्यास त्यांचे वर्षही असेच दोन पंचांगांनी बांधलेले दिसते. एक पंचांग ख्रिस्तसभेचे, दुसरे दख्खनच्या हवेचे.

आगमन काळ व नाताळ हे पुण्यात कोरड्या थंडीचे दिवस. कागद बेताने वाळतो आणि प्रकाश दिवसभर स्वच्छ राहतो. वॉश पद्धतीसाठी याहून अनुकूल ऋतू नाही. देवदूताचा निरोप, बाळ येशूचा जन्म, माता व बालक हे विषय फोन्सेका यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा हाताळले. तेच चित्र पुन्हा काढण्यात काय विशेष, असे कोणी विचारील. जपमाळेची प्रार्थना करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तीच 'नमो मरिया' आपण पन्नास वेळा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी असते.

पुढे उपवास काळ येतो. आमच्याकडे विदर्भात या दिवसांत पळस फुलतो. कळंबहून यवतमाळकडे जाताना पर्णहीन फांद्यांवर केशरी ज्वाळा पेटलेल्या दिसतात. क्रूसाच्या वाटेच्या दिवसांत निसर्गाने हा रंग का निवडावा, असा विचार आमच्या मनात दरवर्षी येतो. फोन्सेका यांच्या चित्रांतही भगवा, गेरू, मातकट पिवळा यांना मानाचे स्थान आहे. हे रंग भारतात त्यागाचे, संन्यासाचे मानले जातात, आणि त्यांना ते नेमके ठाऊक होते. दुःखसहन करणारा ख्रिस्त त्यांनी रंगविला तो आक्रोश न करता, एखाद्या ध्यानस्थ साधूप्रमाणे स्थिर. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओला कागद पाहता पाहता सुकतो, रंगाला पसरावयास अवधी मिळत नाही आणि कडा कठीण होतात. अशा वेळी जलरंगाच्या चित्रकाराला हात चटकन चालवावा लागतो, अथवा दुसऱ्या माध्यमाकडे वळावे लागते. फोन्सेका यांनी जलरंगाखेरीज टेम्परा व तैलरंगांत, तसेच भिंतीवरही काम केले.

मग पाऊस. मरिया व अलिशिबा यांच्या भेटीचा सण आज आपण ३१ मे रोजी साजरा करतो. परंतु १९६९ च्या उपासना-पंचांगातील बदलापूर्वी तो २ जुलै रोजी येत असे. म्हणजे फोन्सेका यांच्या हयातभर हा सण ऐन पावसाळ्याच्या तोंडी, आषाढाच्या आसपास, पंढरीची वारी रस्त्यावर असण्याच्या दिवसांत पडला. डोंगराळ प्रदेशात आपल्या नातलग स्त्रीला भेटावयास घाईने निघालेली गर्भवती मरिया महाराष्ट्रातील चित्रकाराला परकी वाटण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या चित्रातील या दोघी साड्या नेसलेल्या आहेत. पहिलटकरीण भाची मावशीच्या दारी आली असावी तशा त्या एकमेकींना भेटतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाळावयास फार वेळ लागतो, जपले नाही तर बुरशीही धरते. जलरंगाच्या चित्रकाराचे हे दिवस हात आवरून राहण्याचे, रेखाटने करण्याचे असतात. दसऱ्याच्या सुमारास ऊन पुन्हा पडू लागते. तो जपमाळेचा महिना असतो.

१९५१ साली फोन्सेका यांचा विवाह आयव्ही म्युरिएल मिनेझिस यांच्याशी झाला. त्यांना एक कन्या झाली. वयाची पन्नाशी जवळ आली असता संसारास लागलेल्या या चित्रकाराच्या कामावर त्याचा स्पष्ट परिणाम दिसतो. यापुढील अनेक चित्रांत पवित्र मरियेचा चेहरा आयव्हीबाईंच्या चेहऱ्याशी जुळतो. आईच्या कडेवरील मूल आता घरातच होते. आमच्या मते त्यांची माता-बालकाची चित्रे याच काळात अधिक जिवंत झाली; आधीच्या चित्रांतील मरिया वंदनीय आहे, नंतरची वंदनीय असून शेजारचीही आहे.

प्रसिद्धी व पैसा यांनी मात्र त्यांना फारशी साथ दिली नाही. आपल्याकडील मोठी चर्चे प्लास्टरच्या परदेशी मूर्ती मागवीत राहिली. विरोधाभास असा, की ज्या रोमच्या नावाने त्यांना दोष दिला जात होता, त्या रोममध्ये वारे केव्हाच बदलले होते. चीनमध्ये पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून कार्य केलेले आर्चबिशप चेल्सो कोस्तान्तिनी यांनी मिशन प्रदेशांतील स्थानिक ख्रिस्ती कलेचा आयुष्यभर पुरस्कार केला. १९५० च्या पवित्र वर्षात रोम येथे भरलेल्या मिशन कलेच्या प्रदर्शनात फोन्सेका यांची चित्रे मांडली गेली. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. कलेची कोणतीही एक शैली ख्रिस्तसभेने आपली अशी मानलेली नाही, तर प्रत्येक काळाच्या व लोकांच्या कलेला तिने स्थान दिले आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. त्या वेळी फोन्सेका एकसष्ट वर्षांचे होते. परिषदेने जे मान्य केले, ते ते तीस वर्षे करीत आले होते.

त्यानंतर त्यांना चारच वर्षे लाभली. १९६७ च्या नाताळच्या आठवड्यात, २८ डिसेंबर रोजी, मेंदूज्वराने पुणे येथे त्यांचे निधन झाले. गावच्या आश्रयदात्या संत स्तेफनचा सण होऊन दोनच दिवस झाले होते, आणि त्या दिवशी ख्रिस्तसभा हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण करीत होती. ज्याने इतकी बालके मातांच्या कडेवर सुखरूप रंगविली, त्याला त्या दिवशी बोलावणे यावे!

त्यांच्या पश्चात आयव्हीबाईंनी चित्रांचा सांभाळ केला. कागदावरील जलरंग हे नाजूक धन. ऊन, वाळवी, दमट हवा, सारेच त्याचे वैरी. जवळजवळ चार दशके हा ठेवा जपल्यानंतर २००६ साली त्यांनी तो गोव्यात पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. ज्या गोव्याने साडीतील मरियेला नाकारले होते, त्याच गोव्यात ती अशी परतली. पर्वरीहून सांत इस्तेव फार दूर नाही. आपल्या धर्मग्रामांतून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी मांडवीचा पूल ओलांडून थोडी वाट वाकडी केली, तर ते पर्वरीला पोहोचतील.